संध्याकाळी उतरणारा आवाज

बसस्टँडवर तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. चौकशीच्या खिडकीमागे, जिन्याखालच्या काचबंद खोलीत तिचं काम चाले. एक टेबल, एक मायक्रोफोन, भिंतीला डकवलेलं वेळापत्रक, आणि एक पंखा. बोलताना तो बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर सगळ्या फलाटांवर ऐकू जाई. बटण दाबायचं, गाडी कुठली आणि लागली कुठे हे दोनदा सांगायचं, बटण सोडायचं. पण आवाज असा, की बाकावर पेंगणारा माणूस दचकत नसे, नुसता जागा होई. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणायचा, "भोंगाबाईंनी हाक मारली की माझं खटारा इंजिनसुद्धा लाजून सुरू होतं."

तो आवाज संध्याकाळी उतरू लागला.

कधीपासून, हे तिला सांगता आलं नसतं. पाणी चढत असतं तेव्हा पहिली पायरी बुडताना कुणी बघत नाही. गर्दीच्या वेळी एकामागून एक गाड्या लागत होत्या, आणि तिला जाणवलं की 'फलाट' हा शब्द आपल्या नाकातून बाहेर पडतोय. तिने बटण सोडलं, घोटभर पाणी घेतलं, तर पाणी नाकात आलं. रुमालाने तोंड पुसून ती थोडा वेळ गप्प बसली. मग बटण दाबलं, तर आवाज जागेवर. दार लोटून बाहेर गेलेलं कुणी, काही न बोलता परत येऊन बसावं तसा.

मग हे रोजचं झालं. सकाळी घंटेसारखा आवाज, आणि उन्हं कलली की शब्दांची हाडं मऊ व्हायची. रस्ता ओलांडायला उभी राहिली की एका मोटारीच्या दोन मोटारी दिसत, आणि त्यातली खरी कुठली हे ठरेपर्यंत ती कडेलाच उभी राही. दुखत काहीच नव्हतं. अडचण तीच होती. दुखणारी जागा बोट ठेवून दाखवता येते.

एके दिवशी स्टँडचे कंट्रोलर तिच्या खोलीत आले. भला माणूस. खुर्ची ओढून बसले, कपाळ चोळलं.

"बाई, विचारू नये, पण विचारतो. संध्याकाळी काही घेता का?"

"काय घेते?"

"तेच ते. लोकांच्या तक्रारी आहेत. जीभ जड असते म्हणतात."

तिला हसू आलं. निदान तिला वाटलं की आपण हसलो. कंट्रोलर मात्र खुर्चीसकट मागे सरकले आणि चहा न घेता निघून गेले.

घरी नवरा होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा; गल्लीत त्याला पेंटरच म्हणत. दोन खोल्यांचं घर, त्याला कायम टर्पेंटाईनचा वास. पेंटरच्या हाताला वळण होतं आणि तोंडाला लगाम नव्हता. शिडीवर चढल्यापासून उतरेपर्यंत तो रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याशी बोले आणि उरलेलं बोलणं घरी घेऊन येई. इतकी वर्षं ते जमून गेलं होतं: दिवसभर बोलून आलेल्या बायकोला घरी बोलायची हौस नव्हती आणि त्याला ऐकायची नव्हती. पण आता ती आली की भिंतीला टेकून बसे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, हनुवटी मुठीवर. त्याने दहा गोष्टी सांगितल्या तर एकीलाही हुंकार नाही.

"आल्या आल्या तोंड पाडून बसायचं," तो म्हणे. "मी काय घोडं मारलंय तुझं?"

त्याची समजूत घालावी म्हणून ती हसे.

"हां, आता वर दात विचकून दाखव."

असं काही दिवस झाल्यावर तो चपला घालून बाहेर जाऊ लागला, मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात. ती जबड्याला हाताचा आधार देऊन जेवायची, दोनचार घासांनंतर चावणं थांबायचं, आणि ताट अर्ध्यावर सारून ती अंधारात बसून राहायची. गळ्यात काहीतरी दबा धरून बसलंय, आणि ते आपल्यापेक्षा धीराचं आहे, असं तिला वाटे.

डॉक्टर झालेच नाहीत असं नाही. उलट त्या घराने डॉक्टर केले ते अगदी रीतसर. पेंटरची धाकटी बहीण पार्लर चालवायची. ती म्हणायची, "वहिनी, डॉक्टरकडे जायचं म्हणजे माणसांत जायचं. असं भुतासारखं गेलीस तर तो आधी पैसे मागेल." म्हणून आदल्या दिवशी रजा. दुपारभर सक्तीची झोप. "बोलू नकोस, घसा राखून ठेव, उद्या त्याच्यासमोर लागेल." सकाळी नणंद येऊन पावडर लावी, पडलेल्या पापणीवर अशी काही रेघ ओढी की डोळे मोठे टपोरे दिसावेत. पेंटर पहाटेच जाऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेला असे. पहिला नंबर लावायचा. "पहिल्या नंबराला डॉक्टर ताजा असतो," हे त्याचं शास्त्र.

डॉक्टर ताजा असेच. तीही ताजी असे.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून आतला कॅमेरा फिरवला. "आवाजाचे पडदे एकदम स्वच्छ. गाता का?"

"गाते कसली, स्टँडवरचा भोंगा आहे ती," पेंटर म्हणाला. "डॉक्टर, हिला फ्रीजमधलं पाणी लागतं. मी सांगून दमलो. शिवाय जेवत नाही, संध्याकाळी चिडते, उशीर झाला की..."

ती तोंड उघडेपर्यंत डॉक्टरांचं लिहून झालेलं असे. दुसऱ्याने चष्म्याचा नंबर बदलला. काचेच्या मोठ्या इमारतीतल्या तिसऱ्याने पडद्यावर तिचे सगळे रिपोर्ट बघितले आणि "नॉर्मल" हा शब्द बक्षीस दिल्यासारखा दिला. पेंटरने त्यांचा हात हातात घेऊन हलवला. परतताना टॅक्सीत म्हणाला, "आता तरी मनातून काढून टाक."

मग मनाचा डॉक्टरही झाला. त्याने विचारलं, "घरी काही ताण?" पेंटर म्हणाला, "छे, घरी तर ती बोलतच नाही." त्याने झोपेची गोळी दिली. ती घेऊन ती झोपली, आणि पहाटे जागी झाली तेव्हा छातीवर कुणीतरी मांडी घालून बसलंय असं वाटलं. हाक मारायला तोंड उघडलं, तर हाकेपुरतीही हवा आत नव्हती. बऱ्याच वेळाने ते वजन आपणहून उठून गेलं. उरलेल्या गोळ्या तिने मोरीत टाकल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, पेंटरनेच ते पुढच्या डॉक्टरला सांगितलं असतं, आणि पेंटरच्या तोंडून बाहेर पडलेलं तिचं दुखणं तिला स्वतःलाच खोटं वाटे. हळूहळू तिला वाटू लागलं की ते खरंच खोटं असेल.

पुढच्या डॉक्टरचा विषय निघाला तो चेष्टेत. नणंद पार्लरमधली एक गंमत सांगत होती. "ती सरबताच्या दुकानावरची डॉक्टरीणबाई आहे ना, तिच्याकडे माझं एक गिऱ्हाईक गेलं होतं. अर्धा तास नुसती ऐकत बसली म्हणे. औषध नाही, पट्टी नाही, ऐकतेय आपली. दवाखाना ओस पडलाय तो काय उगाच?"

"ज्या हॉटेलात गर्दी नाही तिथे जेवू नये," पेंटर म्हणाला, "आणि ज्या दवाखान्यात गर्दी नाही तिथे आजारी पडू नये."

दोघं हसले. भोंगाबाईंच्या मनात मात्र 'ऐकते' एवढंच राहिलं.

ती एकटी गेली. रजा न घेता, झोप न काढता, पावडरीशिवाय, स्टँडवरची पाळी संपवून थेट. लाकडी जिना, वर एकच खोली, खिडकीखालून बर्फ फोडल्याचा आवाज. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. टेबलावर पेन होतं, पण ते त्यांनी हातात घेतलं नाही.

"सांगा."

तिने कामाच्या सवयीने सांगितलं. "घसा. संध्याकाळी. गिळायला त्रास." आणि बटण सोडल्यासारखी थांबली.

"हे पाठ करून आलात," बाई म्हणाल्या. "आता पाठ न केलेलं सांगा."

"तुमचा वेळ..."

"बाहेर कुणी नाही. असतं तर थांबलं असतं."

कुठून सुरू करावं हे तिला कळेना. मग तिने खोलीपासून सुरू केलं. पंखा, मायक्रोफोन, 'फलाट'. मग पाणी नाकात आलं ते. मग मोटारी. कुणी मध्ये बोलत नव्हतं, याचीच तिला भीती वाटू लागली. जिन्यात पुढची पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तशी ती एकेका वाक्यातून पुढच्या वाक्यात पडत गेली. आणि बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं: आवाज नाकात गेला. ती ओशाळून थांबली.

"थांबू नका."

"आवाज जातोय."

"जाऊ दे. मला तो जाताना ऐकायचाय."

ती बोलत राहिली. कंट्रोलरांचं सांगितलं, नवऱ्याच्या चपलांचं सांगितलं, छातीवर बसून गेलेल्या त्या वजनाचंही सांगितलं. अक्षरं एकेक करून सांडत होती. आधी प आणि फ गेले, मग क, मग सगळेच शब्द ओल्या कागदासारखे एकमेकांना चिकटले. जबडा खाली आला तेव्हा तिने तो हाताने उचलून धरला. डावी पापणी मिटली. डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. पोहता न येणारं कुणी पाण्यात उतरत जातं आणि काठावरचं माणूस कुठवर खोल आहे ते बघतं, तसं बघत होत्या. शेवटी उरला तो नुसता वारा.

"पुरे," त्या म्हणाल्या. "सापडलं बहुतेक. घरच्यांना बोलावू?"

पेंटर आला तो जिन्यातूनच बोलत आला. कोपरापर्यंत निळा रंग. "काय झालं? इथे कशाला आली ही? डॉक्टर, मी सांगतो, हिचं असं आहे की..."

"बसा," बाई म्हणाल्या. "बोलू नका. बघा."

त्यांनी खालून बर्फ मागवला, रबरी हातमोज्यात भरला आणि तिच्या मिटलेल्या डाव्या पापणीवर धरला. खोलीत बर्फ वितळल्याचं पाणी तेवढं ठिबकत होतं. मग त्यांनी हात काढला. पापणी वर गेली. हळू, पण दुकानाचं शटर जावं तशी सरळ वर. डोळा उघडला आणि त्याने पेंटरकडे बघितलं. दुसरी पापणी अर्ध्यावरच लोंबत होती.

पेंटरने एकदा या पापणीकडे बघितलं, एकदा त्या. मग म्हणाला, "मला वाटायचं, रुसलीय."

"चेहरा वर ओढायला ताकद उरत नाही. हसायला गेलं तरी ओठ वर जात नाहीत, नुसते दात दिसतात. त्या तुमच्याकडे बघून हसत होत्या."

त्याने मान खाली घातली आणि नखांतला रंग खरवडू लागला.

बाईंनी दोघांना समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप निघतो, पण स्नायूला तो धड पोचत नाही. विश्रांती किंवा गारवा मिळाला की थोडा वेळ पोचतो, मग पुन्हा नाही. "तुम्ही यांना झोपवून, गप्प ठेवून, नटवून सकाळी सकाळी न्यायचात. आजार घरी ठेवून नुसत्या बाईंना डॉक्टरांकडे नेलंत. कुणाला काय दिसणार?"

"बरं होईल?" तिने खुणेनेच विचारलं.

"ताब्यात राहील. जाणार नाही." मग त्या पेंटरकडे वळल्या. "एक लक्षात ठेवा. बोलण्याला लागलेलं हे दुखणं श्वासाला लागू शकतं. सर्दी-तापाचं निमित्तही पुरतं. बसल्या जागी दम लागला, थुंकी गिळता येईना झाली, की उद्या बघू म्हणायचं नाही. झोपेचं औषध तर अजिबात नाही. मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तिथे सगळे घाईत असतील, यांना कुणी ओळखत नसेल आणि यांना बोलता येत नसेल."

"मी सांगेन ना."

"तुम्ही फार लवकर सांगता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मोठ्या हॉस्पिटलातल्या तपासण्यांनी त्यांचंच खरं ठरवलं. गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी म्हणजे काही तासांचा उसना आवाज. मुदत संपायला आली की तो मानेतून, पापण्यांतून निघून जाताना कळे. तिने दिवस गोळ्यांच्या मापाने कापून घेतला. कंट्रोलरांनी तिला फक्त सकाळची पाळी दिली आणि संध्याकाळी एक यंत्र बोलू लागलं. त्याच्या आवाजात कधी फरक पडत नसे. म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, त्या यंत्राला कुणी ओ देत नाही हो."

पेंटर गप्प राहायला शिकत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. वाक्य ओठांवर यायचं आणि तो ते शिंकेसारखं दाबायचा. नणंद एकदा काळजीने म्हणाली, "दादा, तुला बरं नाही का?" तो बायकोसमोर बसून वाट बघायचा. ती बोललीच तर शेवटच्या शब्दापर्यंत थांबायचा, आणि मग तो शेवटचा होता याची खात्री नसल्यामुळे आणखी थोडा थांबायचा. दर महिन्याला ते डॉक्टरीणबाईंकडे जात. बाई तिला बोलायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाल्या, "अजून पाणी श्वासापासून दूर आहे." घरी येताना दोघंही त्या 'अजून'चा विचार करत होती, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सर्दी साधी होती. नणंदेला झाली, मग पेंटरला, मग तिला. रविवारी दुपारी ती उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की हवा पुरत नव्हती. लाळ गिळवत नव्हती म्हणून रुमाल तोंडाशी धरलेला. पेंटर म्हणाला, "सर्दी आहे, उतरेल," आणि म्हणता म्हणताच उठून चपला शोधू लागला. डॉक्टरीणबाईंचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. डोळे तारवटलेले, बाही वर सारलेली. त्याने तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, छाती दोन ठिकाणी ऐकली.

"ऑक्सिजन छान आहे. छाती साफ आहे. घाबरल्यात जरा."

"डॉक्टर, घाबरली नाही ती," पेंटर म्हणाला. "हिला तो आजार आहे, नाव लांबलचक आहे, कसं ते... म्हणजे आधी आवाजाला लागला, आम्ही घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले पडदे स्वच्छ, मग एक काचेची इमारत आहे..."

खाटेवरून तिला तरुण डॉक्टरचे डोळे दिसत होते. ते पेंटरवरून सरकले, पलीकडच्या खाटेवर गेले, भिंतीवरच्या घड्याळावर गेले. हे सरकणं तिच्या ओळखीचं होतं. इतक्या टेबलांच्या अलीकडे बसून तिने ते बघितलं होतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "यांना झोपेचं एक इंजेक्शन द्या. शांत वाटेल. मग घरी जाऊ दे."

नर्सने सुई भरायला घेतली. खाटेवरून तिने नको म्हणून मान हलवली, पण मान हलवायलाही आता हवा लागत होती, आणि घाबरलेलं माणूस मान हलवतंच. तिला वाटलं, आता पुन्हा ते येऊन छातीवर बसणार, आणि या वेळी उठणार नाही.

पेंटर बोलता बोलता थांबला. वाक्याच्या मधोमध, शिडीवर पाय चुकल्यासारखा.

"झोपेचं नको," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "आणि मी चुकीचं सांगतोय. साहेब, तुम्ही इथे बसा. तिला विचारा, आणि तिचं संपेपर्यंत बोलू द्या. फार वेळ लागणार नाही."

"त्यांना बोलायला त्रास होतोय ना?"

"म्हणूनच."

तरुण डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. कदाचित एवढंच, की हा माणूस आता काहीच मागत नाहीये. पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्याने हात वर करून "आलो" म्हटलं आणि तो खाटेच्या कडेवर टेकला.

"हं बाई. सांगा."

तिने रुमाल बाजूला केला, होती तेवढी हवा गोळा केली आणि आजाराचं नाव सांगायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं. पहिला तुकडा नाकातून का होईना, बाहेर आला. तिने श्वास घेतला. दुसरा तुकडा अर्धाच आला. पुन्हा श्वास. तिसऱ्याला ओठ हलले आणि मागून काही आलं नाही. पेंटर खाटेचा दांडा धरून उभा होता आणि दातांवर दात ठेवून गप्प होता. पहिला तुकडा ऐकून आजाराचं उरलेलं नाव त्यालाही आठवलं होतं आणि तोंडात तयार होतं, हे तिला दिसत होतं. तो बोलला नाही.

तरुण डॉक्टर पुढे वाकला. आता तो घड्याळाकडे बघत नव्हता. तिच्या गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता, तिकडे बघत होता. त्याने तळहात तिच्या पोटावर ठेवला; श्वास घेताना ते वर येण्याऐवजी आत जात होतं.

"सिस्टर, ते इंजेक्शन खाली ठेवा," तो म्हणाला. "ठेवा आधी. वर फोन लावा, श्वासाच्या मशीनची खाट लागेल. आत्ता."

मग माणसं आली, चाकं आली, छतावरचे दिवे एकामागून एक तिच्यावरून जाऊ लागले. तोंडावर मास्क आला. ती बोलतच होती, कारण थांबा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि अजून बरंच सांगायचं राहिलं होतं. एका बाजूने पेंटर खाटेचा दांडा धरून चालत होता. दुसऱ्या बाजूने तो तरुण डॉक्टर, भरभर, कमरेत वाकून, कान मास्कशी नेत.

"काय म्हणालात?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "काय म्हणालात, बाई?"